कारण लिहा : शॉर्ट सर्किट

आग कशामुळे लागली हे शोधणाऱ्या कुलकर्णीसाहेबांबरोबर मी फोटो काढत फिरायचो. पुण्यात आयटी कंपन्या उगवत होत्या, ती वर्षं. कपड्यांवरची काजळी धुऊन जायची; किस्से मात्र साठतच गेले!

पंचाईत व्हायची आमच्या बबन वायरमनची. काहीही जळलं की मालक म्हणणार, "शॉर्ट सर्किट!" आणि वायरिंग बहुतेक वेळा बबनचंच. एका रिपोर्टात जरी तसं आलं असतं, तरी त्याचं लायसन्स गेलं असतं.

*

मार्केट यार्डात बारदानाचा गाळा जळला.

"शॉर्ट सर्किट, साहेब."

"गाळ्यात लाइट आहे?"

"नाही, मीटरचा अर्ज दिलाय."

"म्हणजे शॉर्ट सर्किट आधी आलं. लाइट येईल मागून!"

*

शनिवार पेठेत फर्निचरचं दुकान. साहेबांनी सगळ्यात खालपर्यंत जळलेला कोपरा शोधला. तिथे पॉलिशच्या चिंध्यांचा ढीग होता.

"तेलकट चिंध्या ढिगात तापतात. आपोआप पेटतात."

"आपोआप?" मालक म्हणाले. "अहो, आमच्या हिला स्टोव्ह पेटवायला पाच काड्या लागतात!"

*

एका अमृततुल्य चहाच्या दुकानात वायरिंग बबनचंच होतं. मालक मीटरकडे बोट दाखवत होते. साहेब मात्र बल्ब बघत बसले. आगीनं तापलेला बल्ब आगीच्याच बाजूला फुगतो. हा फुगला होता शेगडीकडे.

"बल्बचं ऐकता, माझं नाही?"

"बल्ब तासातासाला जबाब बदलत नाही."

बबन बाहेर येऊन म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेतली हो!"

*

आणि बाणेर रोडची ती सॉफ्टवेअर कंपनी. खंडेनवमीला सर्व्हर रूम जळाली. वायरिंग बबनचं, महिन्याभरापूर्वीचं. मॅनेजर टाय घालून ठाम होते. "क्लिअर केस आहे. शॉर्ट सर्किट. त्या वायरमनला सोडू नका."

बबन जिन्यात बसून होता, चेहरा पांढराफटक.

साहेबांनी वायरी तपासल्या. प्लॅस्टिक बाहेरून जळलेलं, आतून शाबूत. म्हणजे आग बाहेरून आलेली. मग त्यांनी राख चाळली आणि पितळी निरांजन वर काढलं.

"हे कुठे ठेवलं होतं?"

"सर्व्हरवर. पूजेसाठी. हार, क्रेप कागद... जरा डेकोरेशन केलं होतं."

साहेबांनी रिपोर्टात 'निरांजन' लिहिलं. बबननं जिन्यातूनच हात जोडले.

निघताना साहेबांना दाराशी आग विझवायचं यंत्र दिसलं. भरलेलं, सील शाबूत. वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

"अहो, हे हाताशी होतं. वापरलं का नाही?"

मॅनेजर चक्क दुखावले. "असं कसं, साहेब? सकाळीच त्याची पूजा झाली होती!"