रिलीफच्या तीन जागा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मी नेपरव्हिलच्या एका शाळेच्या जिममध्ये जाळीमागे घडीच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर क्लिपबोर्ड, हातात पेन्सिल आणि पायात दोन-दोन मोजे. आमच्या भागातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा बेसबॉल क्लब आहे, त्याचा नवा सीझन एप्रिलमध्ये सुरू व्हायचा होता. संघ जवळपास ठरला होता. राहिल्या होत्या रिलीफ पिचरच्या तीन जागा, आणि उमेदवार होते पाच. पाचांपैकी एक माझी मुलगी.

रिलीफ पिचर म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सुरुवातीला चेंडू टाकणारा पिचर दमला किंवा त्याची धुलाई व्हायला लागली, की याला बोलावतात. घोळ दुसऱ्याने घातलेला असतो, निस्तरायचा याने. मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघते. कोड दुसराच कुणी लिहितो, तो आडवा पडला की फोन मला येतो. त्यामुळे ही जमात मला पहिल्यापासून आपली वाटत आली आहे.

कोच म्हणजे एक निवृत्त प्लंबर, गुडघे गेलेले पण आवाज शाबूत असलेला. आदल्या सीझनला मी स्कोअरबुक भरायचे. नागपुरात वडिलांनी क्रिकेटचा स्कोअर लिहायला शिकवलं होतं, त्यामुळे माझी वही टापटीप असायची, खाडाखोड नसायची. तेवढ्यावर त्या माणसाने माझ्यावर आंधळा विश्वास टाकला. या वेळी तो चेंडूचा वेग मोजणार होता, आणि स्ट्राइक की बॉल हे मी ठरवायचं होतं. बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटच्या रुंदीतून, त्याच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली चेंडू गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. असे चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. रिलीफ पिचरला ही चैन परवडत नाही, कारण तो येतो तेव्हा बेस समोरच्या संघाच्या खेळाडूंनी आधीच भरलेले असतात. म्हणून कोचला वेगापेक्षा हे गणित महत्त्वाचं होतं. प्रत्येकाला थंड अंगाने, मोजकाच सराव देऊन तीस चेंडू टाकायला लावायचे, समोर सगळ्यांना एकच मुलगा बॅट धरून नुसता उभा, आणि ज्यांचे स्ट्राइक जास्त ते तीन आत.

माझी मुलगी डावरी आहे, आणि संघात मुलगी ती एकटीच. मुलींसाठी सॉफ्टबॉल असतो, तिथे जा म्हणून तिला शाळेत, क्लबात आणि आमच्या मराठी मंडळातल्या तीन काकूंनी तरी सांगून झालं होतं. तिला बेसबॉलच हवा होता. सगळा हिवाळा ती गॅरेजमध्ये जुन्या गादीवर चेंडू मारत होती. वर स्वयंपाकघरात भांडी थरथरायची. आता जागा मिळाली नसती तर ती संघाबाहेरच गेली असती, कारण बाकीच्या जागा भरल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती.

मी स्ट्राइक की बॉल ते मोठ्याने पुकारत एकेकाचे चेंडू लिहून घेतले. तिची पाळी चौथी होती. तिने खाली मान घालून तीस चेंडू टाकले, माझ्याकडे एकदाही न बघता. मीही तिच्याकडे बघत नव्हते, प्लेटकडे बघत होते. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

बेरीज झाली तेव्हा ती चौथी आली, तिसऱ्यापेक्षा दोन स्ट्राइक कमी. तिसरा आला आमच्या समोरच्या घरातला मुलगा, ज्याची आई आणि मी आलटून-पालटून दोघांना प्रॅक्टिसला सोडायचो. मी कोचच्या हातात कागद दिला. मनातून वाईट वाटलं, पण त्याबरोबर एक समाधानही होतं, ते आता लपवण्यात अर्थ नाही. स्वतःच्या पोरीला बाहेर काढणारी आई! न्याय म्हणतात तो हाच, असं काहीतरी मला वाटलं. कोचने माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा तर मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी गाडीकडे गेले.

घरी येऊन मुलीने ग्लव्ह बुटांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते तेव्हा ती फोन घेऊन आली. कोचने जाळीमागे, माझ्या डोक्याच्या वर एक कॅमेरा लावला होता आणि सगळे व्हिडिओ मुलांना पाठवले होते. तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. आधी समोरच्या घरातल्या मुलाचा एक चेंडू दाखवला, गुडघ्याच्या रेषेला चाटून गेलेला. मी त्याला स्ट्राइक दिला होता. मग स्वतःचा दाखवला. तोच गुडघा, तीच रेषा. त्याला मी बॉल दिला होता. मग असाच आणखी एक, मग तिसरा. चौथा लावायला लागली तेव्हा मीच तिला थांबवलं.

मी सुरुवातीला वकिली केली. अगं, कॅमेरा वरून बघतो, मी खालून बघत होते, फरक पडतो. ती ऐकून घेत होती. मग मी म्हटलं, आपल्या माणसाच्या बाबतीत थोडं कडक राहावंच लागतं, नाहीतर लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

तिने बाब्या कोण ते विचारलं नाही. ती म्हणाली, "सो बेसिकली, तू माझी आई आहेस म्हणून मला सगळ्यांपेक्षा बेटर असावं लागणार? दॅट्स नॉट फेअर, आई."

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता आणि भांडणात सुटका झाली असती. ती शांतपणे बोलली आणि वर गेली. मी कांदा तसाच टाकून खुर्चीवर बसले.

माझी आई मी होते त्याच शाळेत गणित शिकवायची. तिने तपासलेल्या पेपरात मला कायम दोन-तीन मार्क कमी पडायचे. उत्तर बरोबर असलं तरी अक्षर, समास, अधोरेखित न केलेलं उत्तर, काही ना काही निघायचंच. घरी पाहुणे आले की त्यांच्या मुलांना आंब्याच्या फोडी आणि मला कोय. याला आमच्याकडे संस्कार म्हणत. मला कधी त्याचा राग आला नाही, असं मी पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत सांगत आले. त्या दुपारी कळलं की राग पुष्कळ आला होता, फक्त तो मी आईवर न काढता लेकीकडे पोचता केला होता. बाब्या म्हणायला इतकी घाबरले, की पोरीचं कार्टं करून बसले. आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली, त्याची लाज जास्त वाटली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आता कोचला फोन केलास तर सगळे म्हणतील, आई आहे म्हणून घुसवलं. जाऊ दे ना यार, पंधरा वर्षांची आहे, विसरेल." सल्ला शहाणपणाचा होता. आदल्या दिवसापर्यंत मीच तो दिला असता. मी कोचला फोन लावला.

मी त्याला सांगितलं की माझ्या कागदावर भरवसा ठेवू नका, मी स्वतःच्या मुलीचे स्ट्राइक कापले आहेत. चाळीस वर्षं मुलांना खेळवतोय, तो म्हणाला, पोरांचे स्ट्राइक वाढवणारे आईबाप ढिगाने बघितले, हा प्रकार पहिल्यांदा ऐकतोय. मग विचारलं, असं का केलंस. आंब्याची कोय इंग्रजीत सांगणं मला जमलं नाही. आमच्याकडे असं करतात, एवढंच म्हणाले.

तो सोमवारी संध्याकाळी आमच्या घरी आला. बूट दाराशी काढले, डायनिंग टेबलाशी बसला आणि पाचही जणांचे सगळे चेंडू पहिल्यापासून लावले. या वेळी तो सांगणार आणि मी नुसतं लिहिणार. मुलगी वरच्या खोलीत होती, दार बंद करून. तो प्रत्येक चेंडू दोनदा बघायचा. मध्ये मी आल्याचा चहा केला, तो त्याने संशयाने घेतला आणि दुसरा कप मागितला. तिच्या चेंडूंची पाळी आली तेव्हा मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. त्याने माझे चार बॉल बदलून स्ट्राइक केले. समोरच्या मुलाचा, मी उदारपणे दिलेला, एक स्ट्राइक त्याने काढून घेतला. बेरीज मला करवेना, त्यानेच केली. ती तिसरी आली.

मी जिन्यापाशी जाऊन तिला हाक मारली. ती खाली आली, कोचकडून ऐकलं, त्याला थँक यू म्हणाली. थोड्या वेळाने बुटांचं कपाट उघडल्याचा आवाज आला.

आता समोरच्या घरी जायचं होतं. कोच कळवणार होता, पण चूक माझी होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता रस्ता ओलांडला आणि त्या मुलाच्या आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने फावडं हातात धरून ऐकलं. तिचा मुलगा दोन दिवस आनंदात होता, एवढंच ती म्हणाली, आणि आत गेली. पुढचे तीन आठवडे आमच्या आलटून-पालटूनच्या फेऱ्या कॅन्सल झाल्या. मी तिला दोष देत नाही. कोचने त्या मुलाला राखीव म्हणून सरावाला बोलावलं तेव्हा कुठे मला नीट झोप लागायला लागली.

एप्रिलच्या सुरुवातीला पहिला सराव सामना झाला. बर्फ गेला होता, वारा राहिला होता. मी पुन्हा स्कोअरबुक घेऊन बाकावर. थोड्या वेळाने समोरची शेजारीण आली, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याच शेजारी बसली. मांडीवरच्या ब्लँकेटचं अर्धं टोक तिने माझ्याकडे सरकवलं.

पाचव्या डावात आमच्या पिचरची दमछाक झाली. तिन्ही बेस भरले आणि कोचने हात वर केला. माझी मुलगी टोपी सारखी करत मैदानाच्या मधोमध गेली. पहिल्या बॅटरला तिने उडवलं. दुसऱ्याने वर मारला, तो झेलला गेला. तिसऱ्याशी झुंज लांबली. शेवटी अशी वेळ आली की एक स्ट्राइक मिळाला तर तिसरा बाद होऊन डाव संपतो, आणि बॉल झाला तर तो चौथा, म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकून पलीकडच्या संघाला फुकटची रन. तिने चेंडू टाकला. तो गुडघ्याच्या रेषेला चाटून कॅचरच्या ग्लव्हमध्ये गेला. अंपायर जागचा हलला नाही. म्हणजे बॉल.

"स्ट्राइक होता तो!"

माझाच आवाज होता, आणि मी उभी होते. स्कोअर लिहिणाऱ्याने असं ओरडायचं नसतं, हे मला माहीत आहे. अंपायरने वळून बघितलं. पलीकडच्या संघाचे आईबाप हसले. मैदानातून माझ्या मुलीनेही माझ्याकडे बघितलं, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा चेंडू हातात असताना. मग ती पुढच्या बॅटरसाठी सज्ज झाली.

मी खाली बसले आणि वहीत बॉल लिहिला, कारण अंपायरने जे दिलं तेच वहीत जातं. शेजारणीने हळूच विचारलं, खरंच स्ट्राइक होता का. मी म्हटलं, मला माहीत नाही, माझी मुलगी आहे ती.