नवी सुई

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. ते हातात देताना शिपायानं मान फिरवली. देवीदास गेला. अमरावतीच्या त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातच छातीत कळ आली आणि... वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. कार्ड मी तीनदा वाचलं. रडू नंतर आलं; आधी वाटली ती भीती. कारण ती एक गोष्ट जाणणारा आता मी एकटाच उरलो होतो.

देवीदास वलगावचा. घरची काळी जमीन सोडून रेडिओचं काम शिकायला अकोल्याला आला, तो माझ्या शेजारच्या खोलीत राहिला. माझ्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. त्याची तुटलेली स्प्रिंग यानं अर्ध्या दिवसात बसवून दिली आणि मजुरी म्हणून चार गाणी ऐकवा म्हणाला. तेव्हापासून आमची मैत्री. प्रत्येक तबकडीला नवी सुई लावायची, हा माझा नेम. त्यावरून तो चिडवायचा, "मास्तर, देवाले फूल वाहता तशी सुई लावता तुमी!"

पुढे त्यानं अमरावतीत दुकान टाकलं आणि भंगारातून विजेवर चालणारी तबकडीची पेटी तयार केली. मोटर होती, तबकडीवर अलगद टेकणारा हलका काटा होता, पण पेटीला स्वतःचा आवाज नव्हता. तिची तार रेडिओच्या पाठीतल्या दोन भोकांत खोचायची, मग रेडिओतून गाणं यायचं. यायचं तर यायचं! एकाची भोकं बारीक, दुसऱ्याची रुंद, तिसऱ्याला भोकंच नाहीत, आणि चौथा नुसताच घुमायचा. देवीदास कपाळाला हात लावून म्हणायचा, "एक रेडिओ दुसऱ्याले वळखत नाही, मास्तर. भावकीच हाय ही."

त्याचा धाकटा भाऊ वसंता फौजेत होता. पथकाबरोबर समुद्रापार गेला आणि तिकडेच तापानं वारला. तार आली, आणि तारेनंतर आठ दिवसांनी त्यानं मरण्याआधी पाठवलेलं पाकीट आलं. आत काळा लेप दिलेली पुठ्ठ्याची एक छोटी तबकडी होती. तिकडे म्हणे एका खोलीत उभं राहून बोललं, की बोलणं तबकडीवर उतरवून देतात. देवीदासनं ती दुकानात एका गिऱ्हाइकाच्या रेडिओला पेटी जोडून एकदा ऐकली. लख्ख वसंताचा आवाज. पण वलगावात वीज नव्हती, आणि तेरवी होईपर्यंत माय उंबरा ओलांडणार नव्हती. तेरवी झाली की तिला दुकानात आणायचं, असं त्यानं ठरवलं. प्रश्न फक्त चार दिवसांचा होता.

ते चार दिवस मला काढवले नाहीत. मी अकोल्याहून चावीचा ग्रामोफोन उचलला आणि थेट वलगावला गेलो. याला वीज कशाला लागते? देवीदासला माझं पटलं नाही. "मास्तर, ही त्या मशीनची तबकडी नोय. नरम हाय. चार दिस थांबा." मी म्हणालो, "तबकडी ती तबकडी. तिकडे ती माउली भिंतीला टेकून बसली आहे, आणि तू मशीन कसली सांगतोस?" त्यानं पाकिटातून तबकडी काढली. आधी आपण पाहू, मग मायपुढे नेऊ, एवढंच म्हणाला. गोठ्यात खाटेवर ग्रामोफोन ठेवला. वसंतासाठी म्हणून मी नवी सुई लावली. डबीतली सगळ्यात टोकदार निवडून...

"माय, मी..." एवढंच ऐकू आलं. मग नुसती खरखर. ग्रामोफोनचं जड डोकं त्या नव्या सुईवर बसलं होतं, आणि सुईपुढे काळा भुगा निघत होता. मी उचलेपर्यंत पुठ्ठा दिसायला लागला होता.

देवीदास माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, घरात गेला. मी दाराबाहेर उभा होतो. "माय, तबकडी माह्या हातून बिघडली," तो म्हणाला. परतताना मी विचारलं, असं का केलंस? "तुमी पाहुणे, मास्तर. तुमचं नाव कायले घ्याचं." त्या दिवसापासून मायनं त्याच्याशी बोलणं टाकलं. वसंता काय म्हणाला ते तरी ऐक, असं तो सांगू लागला, तर कानांवर हात ठेवायची. "तुह्या तोंडून नोको मले." मीही त्याला कधी विचारलं नाही, कोणत्या तोंडानं विचारणार? मग दुकानात त्यानं एक खूळ धरलं. रेडिओ दुरुस्त झाला, की गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याला पेटी जोडून तो ती तबकडी लावून पाही. माझ्यादेखत किती वेळा लावली. प्रत्येक रेडिओत खरखर तेवढीच. "ह्याच्यात बी नाही," म्हणायचा आणि तार काढायचा. त्याच्याइतकं हे काम जाणणारा माणूस नव्हता. उपयोग नाही हे त्याला समजत होतं, तरीही...

देवीदासच्या तेरवीला वलगावला गेलो. दोन्ही मुलं गेलेली माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"मास्तर, पोरगा गेला. मी त्याच्यासंगं बोलली नाही. तबकडी बिघडली तवा तुमी त तेथंच होते न?"

"होतो, माय."

"मंग त्याले थांबवलं काहून नाही?"

सगळं ओठांवर आलं होतं. माणसं बसली होती, कोणी चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "थांबायला पाहिजे होतं." तिनं मान हलवली. तिला वाटलं, मी देवीदासबद्दल बोलतो आहे.

मायला वाचता येत नाही. वलगावात हा अंक ज्याच्या हाती पडेल, त्यानं कृपा करून तिच्याजवळ बसावं आणि हे मोठ्यानं वाचावं. सुई मी लावली होती, माय. देवीदास थांबा म्हणत होता.