मल्लूअप्पांचा पडदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी काय सांगावं?

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेचं नाट्यगृह आहे. पंखे कुरकुरतात, मागच्या रांगांवर कबुतरांचं राज्य. पण तिथला पडदा — काय सांगू! तो दोरीनं ओढायचे मल्लूअप्पा. प्रत्येक नाटकाची तालीम मागं बसून बघायचे, केवळ पडद्यासाठी. विनोदी नाटकाला पडदा झटकन यायचा, टाळी मारल्यासारखा. कुणी मेलं की असा सावकाश, की बाया डोळ्याला पदर लावायच्या. ते रडू आमच्या अभिनयानं येतं, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मी शाळामास्तर, आणि हौशी मंडळाचा नायक — दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. स्पर्धेचं नाटक होतं. शेवटी बापाच्या प्रेताशेजारी बसून माझं दोन पानी भाषण. पहिलं वाक्य म्हटलं — आणि पुढं कोरं. अगदी कोरं. प्रेतानं ओठ न हलवता पुढचं वाक्य सांगितलं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं, मला नाही.

विंगेत अप्पा दोरी धरून उभे. मी हळूच हातानं खूण केली — पाडा. त्यांनी मान हलवली. नाही. थांबायला तयार होता तो माणूस, माझ्यासाठी! मी पुन्हा खूण केली. पडदा पडला.

रंगाच्या खोलीत दिग्दर्शक लालबुंद. "कुणी पाडला रं पडदा?" आणि मी — तोंडाचा रंगही पुसला नव्हता — म्हणालो, "अप्पांना डुलकी लागली असंल." हे वाक्य मात्र एका दमात आलं. अप्पा दारातच होते. माझ्याकडं बघितलं.

"व्हय," म्हणाले, "चुकलं माझं."

का म्हणाले असतील? विंगेतलं विंगेतच ठेवायचं, हा त्यांचा नेम होता. माझा कुठला होता?

आठवड्याभरात त्यांची रवानगी सायकल स्टँडवर झाली. पडद्याला मोटार बसली. आता कुणी मरो की हसो, पडदा एकाच चालीनं येतो. टवाळ पोरं त्यांना डुलकीअप्पा म्हणायची. माझ्याच वर्गातली. एकाचाही कान मी पिळला नाही.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण माझ्याकडं — मी आता ज्येष्ठ रंगकर्मी ना! त्यांचा हात, त्यांची नजर, नाटकाची त्यांची समज. सगळं मनापासून बोललो, आणि सगळं खरं. तो एक पडदा तेवढा सोडून. समोर दिग्दर्शक, सगळं मंडळ. हार घालायला वाकलो, तर अप्पा हसून कानात म्हणाले, "मास्तर, आज कुठंच अडकला न्हाईत की."

माईक चालू होता. मी 'धन्यवाद' म्हणालो आणि जाऊन बसलो.