नमस्काराचं हाफ तिकीट

"कर बरं, केळझरच्या गनपतीले नमस्कार कर," असं म्हणत ते मुलाला भिंतीशी उभं करायचे. मूल हात जोडून मान खाली घालायचं. तेवढ्यात त्यांचा तळहात मुलाच्या डोक्यावरून आडवा भिंतीला टेकायचा आणि तिकिटाच्या खिडकीकडे आवाज जायचा, "हाफ एक!"

भिंतीवर लाल रेघ होती. डोकं रेघेखाली असेल तर हाफ तिकीट, वर गेलं तर फुल. नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या त्या वॉटर पार्कच्या फाटकावर मुलांची उंची बघणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना आबाजी म्हणत, मीही म्हणायचो. मुलांना घेऊन तिथे गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. फिकट झालेला खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा आणि हातात मोजायला काही नाही. पार्कने दिलेली लाकडी पट्टी त्यांच्या खुर्चीमागे उभी असायची. तिच्यावर ते दुपट्टा वाळत घालत.

उन्हाळ्यात येणारी बरीचशी गर्दी आधी केळझरला दर्शन करून येई. मुलांच्या कपाळावरचं गंध अजून ओलं असे. त्यामुळे नमस्कार म्हटलं की मान आपोआप वाके. मंदिर नेमकं कुठल्या बाजूला आहे, असं एकदाच एका मुलाने विचारलं. आबाजी म्हणाले, "देव चारी बाजूले राह्यते. तू वाक."

मी वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानासाठी बातम्या लिहीत असे. दर मार्चमध्ये पार्कचे नवे दर घ्यायला जाई आणि फाटकावर थांबे. असं का करता, हे त्यांना एकदा विचारलं. सेलू तालुक्यातलं त्यांचं घर भाजीपाल्याचं. तरुणपणी ते वर्ध्याच्या बाजारात वांगी आणि सांभार विकत. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. "काटा सरळ उभा राह्यला त बाई दुसऱ्या बाजारी फिरून येत नाई," ते म्हणाले. "थोडा झुकलाच पाह्यजे." भाजी तोलून झाली की वर चार काड्या सांभार टाकायची त्यांची सवय होती. फाटकावर वर टाकायला काही नव्हतं, म्हणून ते चार बोटं कमी मोजत.

आष्टीहून आलेली एक मुलगी आठवते. नऊ-दहा वर्षांची असेल. ती वाकायलाच तयार नव्हती. आतल्या मोठ्या घसरगुंडीवर ठरावीक उंचीच्या खालच्या मुलांना सोडत नाहीत, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"मी लहान नाई," ती म्हणाली. "मले मोठ्या घसरगुंडीवर जायचं हाये."

"वाक न व पोट्टे! कायले तमाशा करून राह्यली?" आई म्हणाली. मागे रांग लांबत होती.

आबाजी गुडघ्यांवर हात ठेवून मुलीच्या कानाशी वाकले. "इथं लहान हो, बाई. अंदर गेली का ताठ उभी राह्यजो. दोनीकडं तूच हायेस."

मुलगी वाकली. तासाभराने आबाजी खुर्ची सोडून आत गेले आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी उभे राहिले. परत आले तेव्हा शर्टावर पाणी उडालेलं होतं. "चढली न!" एवढंच बोलले.

दोन हंगामांत तिकिटाचे दर तीनदा वाढले. मालकाने मला कारणं सांगितली, ती खोटी नव्हती. विजेचं बिल, पंपांची दुरुस्ती, उन्हाळ्यातले टँकर, जीवरक्षकांचे पगार आणि पावसाळ्यात रिकामा पडलेला पार्क. मी सगळं लिहून घेतलं. पार्कमध्ये बाहेरचं जेवण बंद झालं, पोहायचे कपडे भाड्यानेच घ्यायचे असं ठरलं. तिकीट वाढलं तशी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसणारी माणसं वाढली. लेकरं आणि त्यांची आई आत जात. बाप नाहीतर आजी भाकरीची पिशवी सांभाळत बाहेर थांबे.

तिसऱ्या वाढीच्या वेळी पेंटर आला. त्याने भिंतीवरची लाल रेघ रंगाने झाकली आणि एक वीत खाली नवी काढली. दरपत्रकात याचा उल्लेख नव्हता. आबाजींनी जुन्या-नव्या रेघेत वीत ठेवून पाहिली. मग मला म्हणाले, "पोट्टे वाढले नाई, भाऊ. रेघच खाली बसली."

त्या दिवसापासून नमस्कार खोल झाला. "अजून खाली. पाय धर गनपतीचे. हां. हाफ एक!" काही मुलं हसत हसत खालीच बसत. खिडकीतला कारकून वर न पाहता तिकीट फाडत असे.

मी त्यांना म्हणालो, यावर लिहावंसं वाटतं. ते घाईने उठले.

"छापू नोका, भाऊ. गनपतीचं आन् माह्यं आमच्यातच राहू द्या."

"नाव टाकणार नाही, आबाजी."

त्यांनी नावाबद्दल काही म्हटलंच नव्हतं. ते माझ्या ध्यानात आलं होतं, तरी मी वही बंद केली नाही.

दरवाढीच्या बातमीशेजारी चौकट छापून आली. ओळी मोजक्या होत्या. खाली आलेली रेघ, नमस्कार, झुकतं माप. नाव नव्हतं, पण त्या पार्कला फाटक एकच होतं आणि फाटकावर माणूसही एकच.

चौकट वाचकांना आवडली. रविवारी आया मुलांना रांगेतच वाकवू लागल्या. एक बाई सिंदी मेघेहून कात्रण घेऊन आली आणि मोठ्याने म्हणाली, "आमाले बी नमस्काराचं हाफ द्या, आबाजी." लोक हसले. आबाजी हसले नाहीत. खिडकीमागे त्या दिवशी व्यवस्थापक बसला होता.

आठवड्यात रेघेच्या जागी लोखंडी दांडी आली. आबाजींना गाड्यांच्या तळावर पाठवलं. मी भेटायला गेलो तर ते उन्हात एका जीपला मागे घेत होते. "गाड्याइले नमस्कार सांगता येत नाई," म्हणाले. पुढच्या हंगामाला कामावर बोलावणारा फोन त्यांना आला नाही.

मी त्यांच्या घरी उशिरा गेलो, जवळजवळ वर्षाने. ते वाफ्यात बसून सांभार उपटत होते. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्य जुळवलं होतं. ते उठले, हात झटकले आणि माझ्या आधी बोलले.

"तुमी नाव टाकलं नाई. शब्द पाळला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं झालं असतं.

"चुकलंच माझं, आबाजी," मी म्हणालो.

ते ऐकून त्यांनी विचारलं, "पोट्टे येते का अजून?"

"येतात. पहिल्याइतके नाही."

"आन् ते कडुनिंबाखालचे?"

"ते वाढले."

त्यांनी मान हलवली. एक जुडी बांधून माझ्या हातात दिली. मी निघालो तेव्हा हाक मारून थांबवलं आणि जुडीवर आणखी चार काड्या ठेवल्या.

त्याच पावसाळ्यात ते वारले. मला कळलं तोवर तेरवीही होऊन गेली होती.

यंदाच्या मार्चमध्येही मी नवे दर घ्यायला गेलो. भिंत निळी रंगवली आहे, पण जुनी लाल रेघ रंगाखालून थोडी दिसते. तिच्या एक वीत खाली दांडी आहे आणि दांडीपाशी एक तरुण रखवालदार. माझ्यासमोर एका मुलीची पाळी आली. कपाळावर ओलं गंध होतं. आईने मागून काहीतरी पुटपुटल्यावर मुलीने हात जोडले आणि मान खाली घातली.

"काय करून राह्यली?" रखवालदार म्हणाला. "सरळ उभी राह्य."

मुलगी दचकली. कुणीतरी रागावलं आहे असं समजून ती इतकी ताठ उभी राहिली, की तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.