ओल्या काजूचा चीक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि देवासमोर हात जोडतानाही हा विषय बेमालूम टाळत आले. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

गोष्ट एका भाजीची आहे. हसू नका — ओल्या काजूच्या उसळीची. शिमग्याच्या सुमारास कोकणात झाडावरचे काजू कोवळे असतात, हिरव्या सालीचे. साल कापून आतला गर काढला की पुढचं काम दहा मिनिटांचं. गर कोमट पाण्यात टाकायचा, वरचं पातळ सालपट काढायचं, कांद्यावर परतायचा. घरचा मसाला, गुळाचा खडा, एखाददुसरं आमसूल, वरून ओलं खोबरं. इकडे भात होतो तोवर तिकडे उसळ तयार. वेळ लागतो तो सोलायला. आणि गडबड झाली तीही सोलतानाच — गडबड? बघा, इतक्या वर्षांनीही मी सोपा शब्द शोधतेय.

आम्ही घाटकोपरला दोन खोल्यांत राहायचो. गिरणीचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि माझा नवरा घरी बसून होता. घर चालायचं धाकट्या दिराच्या पगारावर. दिराचं नुकतंच लग्न झालेलं. त्याची बायको शालन, म्हणजे माझी धाकटी जाऊ, नगरकडची. तिनं काजू पाहिलेला तो फक्त शिऱ्यातला. पण पोरगी हुशार. स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासला जायची, आणि फोर्टातल्या एका ऑफिसातून तिला बोलावणं आलं होतं. बुधवारी परीक्षा. पास झाली की नोकरी पक्की, असं दीर सगळ्या चाळीला सांगत सुटला होता. शालन पाटावर बसून मांडीवरच बोटं नाचवायची. तांदूळ निवडतानाही नाचवायची.

मला त्या बोटांचा राग यायचा का? हो, यायचा. मला नववीत शाळा सोडावी लागली होती. पण नुसता राग असता तर मला स्वतःचं इतकं नवल वाटलं नसतं.

दीर गावाहून पिशवीभर ओले काजू घेऊन आला, सालीसकट. रविवारी सकाळी पुरुष दोघं माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी कुणाला तरी भेटायला बाहेर पडले. सासूबाई गावीच राहिल्या होत्या. घरात आम्ही दोघी.

त्या हिरव्या सालीत चीक असतो. लागतो तेव्हा काही कळत नाही. संध्याकाळपर्यंत आग सुटते, दुसऱ्या दिवशी फोड येतात, मग कातडी काळी पडून सोलवटते. म्हणून आम्ही आधी मनगटापर्यंत खोबरेल चोळतो. कोकणातल्या पोराला हे सांगावं लागत नाही. नगरच्या मुलीला सांगावं लागतं.

मी सांगितलं नाही.

विसरले, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावत होते. घाई असते, माणूस विसरतं, त्यात काय! पण त्या सकाळी मी केसांना तेल लावायला बसले ते कशासाठी? केस तर आदल्या दिवशी धुतलेले. डोक्याला दोन बोटं लावली आणि मग बाटली पुन्हा हातावर उपडी केली. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांना, मनगटापर्यंत सगळीकडे चोळलं. शालन समोरच विळी मांडत होती. तिला वाटलं, ताई वेणी घालतायत. मी तसंच वाटू दिलं, आणि येऊन तिच्याशेजारी बसले.

आणि बघत राहिले. तिच्या हातांकडे. मला खरंच बघायचं होतं — काय होतं? आमच्या घरात तेलाशिवाय काजू सोलून पाहिलेलं कुणी नव्हतंच. किती वेळानं आग सुटेल? ही मधेच थांबेल का? मला विचारेल का? एरवी मीठ टाकतानाही ‘ताई, का?’ विचारणारी मुलगी, त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. क्लासमधल्या गमती सांगत भराभर सोलत राहिली. बुधवार मला आठवत होता. अगदी लख्ख आठवत होता.

उसळ झकास झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.

सोमवारी तिची बोटं सुजली. दीर हात बघून ओरडलाच, "अगं, तेल नाय लावलंस?"

"कसलं तेल?" शालननं विचारलं. आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हासुद्धा वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की, माझ्या ध्यानातून गेलं. अर्धं खोटं तरी झालं असतं. पण मी म्हणाले, "मी सांगितलं होतं ना गं तुला! तुझं लक्ष कुठे असतं, त्या मशीनवर!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मनात सकाळ पुन्हा चाळून पाहत असावी. मग हळूच म्हणाली, "हो का? मग मीच ऐकलं नसेल."

एवढ्या सहज? मला वाटलं होतं भांडेल, शपथ घालेल. तिनं माझ्या शब्दावर स्वतःची आठवण सोडून दिली.

बुधवारी बोटांना चिंध्या बांधून ती परीक्षेला गेली. चिंध्या मीच बांधल्या. नोकरी मिळाली नाही. पुढे दोनदा तिला बोलावणी आली, ती गेली नाही. म्हणायची, "माझं लक्ष ठिकाणावर नसतं ताई, मोठ्या ऑफिसात काहीतरी घोळ घालून ठेवीन." माझा नवरा अखेर वॉचमनच्या नोकरीला लागला. शालननं घर सांभाळलं, मुलं वाढवली, गॅस बंद केला की नाही ते तीन-तीनदा बघायला लागली. अजून बघते.

आता तिला नात आहे. वेंधळेपणा केला की शालन तिला ही गोष्ट सांगते — मोठ्या आजीनं तेल लावायला बजावलं होतं, मी ऐकलं नाही आणि हातची नोकरी घालवली. आणि तरी मोठी आजी रागावली नाही हो, आठ दिवस मला स्वतःच्या हातानं भरवलं.

भरवलं, ते खरं आहे. नात माझ्याकडे कौतुकानं बघते. मी तिला बघू देते.