माणसाची जागा

दुपारी मामेबहीण सुनंदाचा फोन आला. "आबा गेले गं..." ती म्हणाली. तिचे आबा म्हणजे माझे गोविंदमामा. मग जरा सावरून तिनं विचारलं, "तुझ्याकडं त्यांचा चांगला फोटो हाय का? चौदाव्याला लावायला. घरात निस्ता आधारकार्डावरचा हाय." मला रडू यायच्या आधी नवलच वाटलं. परळी, अंबाजोगाईच्या फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवण्यात मामांचं आयुष्य गेलं. त्यांच्या कारंज्यांपुढे आणि जिन्यांपुढे उभं राहून अर्ध्या तालुक्यातल्या मुलींनी लग्नासाठी पाहुण्यांना पाठवायचे फोटो काढले, आणि हा माणूस स्वतः कधी पडद्यापुढे आलाच नव्हता!

कला महाविद्यालयात मी डिजिटल मॅट पेंटिंग शिकायला लागले, तेव्हा घरात ते कुणाला धड सांगता येईना. सिनेमासाठी जो किल्ला, जे शहर प्रत्यक्ष उभारता येत नाही, ते कॉम्प्युटरवर रंगवायचं आणि खऱ्या चित्रीकरणाला असं जोडायचं की सांधा दिसू नये. आई "बरं" म्हणून कणीक मळायला बसली. मामा मात्र तेवढ्यासाठी सिरसाळ्याहून आले. माझ्या पहिल्या चित्रात बुरूज, धबधबा, ढग, पक्षी असं सगळं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, नाक लॅपटॉपला लागेल इतक्या जवळून ते पाहिलं.

"लई झ्याक," ते म्हणाले, "पण माणूस कुठं हुबा करणार?"

त्यांच्या प्रत्येक पडद्याच्या मधोमध एक फिकट, साधा पट्टा असायचा. ती माणसाची जागा. तिथं फूल काढलं तर फोटोत ते नवरीच्या कानातून उगवतं, असं ते सांगत. महिन्याभरानं सरांनी नेमक्या त्याच कारणासाठी माझं चित्र परत केलं. मी मामांना ते कळू दिलं नाही. भारी शिष्ट होते मी.

पुढच्या सुट्टीत एका मोकळ्या मैदानाच्या फोटोवर किल्ला रंगवायचा होता. मी सिरसाळ्याला गेले. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान रिकामं होतं. "आधी ऊन कुठून येतंय ते बघ," म्हणत मामा थेट मधोमध जाऊन उभे राहिले. "काढ फोटो. माझी सावली जिकडं, तिकडंच तुझ्या बुरुजाची पाड." मामांच्या घरी येऊन मी किल्ला चढवला आणि शेवटी फोटोतल्या मामांवर मैदानाची माती रंगवली.

"पुसलंस का मला?" शेजारी बसलेल्या मामांनी हसत विचारलं.

"पुसलं नाही मामा, वर दुसरा थर दिलाय. खाली तुम्ही आहात तसेच."

त्यांना ते पटेना. कापडावर रंगानं झाकलेलं परत दिसल्याचं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तो थर त्यांनी मला पुन्हा पुन्हा लपवायला आणि दाखवायला लावला. "आता हाय... आता न्हाई!" टाळी वाजवायचेच बाकी होते. "मग दिसत न्हाई तवा मी असतो कुठं गं?" वैतागून मी लॅपटॉप मिटला. आज त्याची फार लाज वाटते.

मूळ फोटो मोबाईलमध्ये जागा करायला मी केव्हाच काढून टाकला होता. म्हणून आता सुनंदाकडून मागवलेला आधारकार्डावरचा चेहरा मोठा केला, मागे त्यांच्यासारखा पडदा रंगवला. पण चेहऱ्यावर समोरचा सपाट उजेड आणि पडद्यावर डावीकडचं ऊन. सांधा लपता लपेना. तीन दिवस झगडले. चौथ्या दिवशी, उजेड कसा जमवला होता ते बघायला म्हणून ती जुनी किल्ल्याची फाइल उघडली. थरांच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं, 'माती'. मी तो थर लपवला.

किल्ल्यापुढे मामा उभे होते. हात कमरेवर, मान जराशी तिरकी. त्यांची सावली आणि बुरुजाची सावली एकाच दिशेला. सांधा कुठंच नव्हता. मी मोठ्यानं रडले.

चौदाव्याला तोच फोटो लागला. "आबा किल्ल्यावर कवा गेलते गं?" सुनंदानं विचारलं. मी फोटोचा हार सरळ केला. ती फाइल अजून माझ्याकडे आहे. मातीचा थर मी परत चढवलेला नाही.