कॅमेऱ्यामागे सगळं घर

डीएसएलआर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूवर, फोटो काढावा की वरच्या छोट्या खिडकीला, म्हणजे व्ह्यूफाइंडरला, डोळा लावून, याबद्दल माझं मत फार ठाम होतं. खरं तर ते नांदेडच्या कॉलेजातल्या एका सीनियरचं होतं. "पडद्यावरच बघायचं तर मोबाइल काय वाईट?" असं तो म्हणायचा. मीही म्हणायला लागलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला खोडून काढणारं कुणी नव्हतं.

कॉलेजातल्या आमच्या विभागाचा कॅमेरा मी रेणापूरजवळच्या आमच्या गावी आणला तो अक्कासाठी. अक्का पोलिसात भरती झाली होती आणि दुपारच्या बसने प्रशिक्षणाला निघणार होती. तिथे मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत म्हणून तिला पेटीत लावायला माय-बाबांचा छापील फोटो हवा होता. अट एकच : मायचे डोळे उघडे पाहिजेत. मायचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले असतात. आधार कार्डावर तेवढे उघडे आहेत, पण तिथे ती माय वाटत नाही, कुणीतरी दम दिलेली बाई वाटते.

मी दोघांना दारापुढच्या बाजेवर बसवलं, चष्मा कॅमेऱ्यावर दाबला आणि एक डोळा मिटला. माय लगेच ताठ झाली. बटण दाबलं की तिचे डोळे मिटायचे.

"तोंड लपवून काय करायलास रे?" ती म्हणाली. "मला भेव वाटतंय."

"त्या मागच्या पडद्यावर बघून काढ की," अक्का म्हणाली.

मी तिला समजावू लागलो की लाइव्ह व्ह्यूत फोकस सावकाश लागतो, बॅटरी लवकर उतरते, आणि जाणकार लोक ते वापरत नाहीत.

"तुझे जाणकार ऱ्हाऊ दे. माझी बस हाय."

नाइलाजाने पडदा चालू केला. "आता तुम्ही इथं दिसताय," असं मी उगीच बोलून गेलो. माय उठली, बाबा उठले, अक्काही आली, आणि तिघं माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. पडद्यावर रिकामी बाज होती.

"कुणीच न्हाई की ह्याच्यात," बाबा म्हणाले.

त्यांना पुन्हा बसवलं, तर उन्हामुळे पडद्यावर मला माझाच चष्मा दिसायला लागला. मग बाज लिंबाच्या सावलीत नेली. कॅमेरा छातीशी धरून मी बटण अर्धं दाबलं. फोकस लागेना. भिंग घरघर करत पुढे-मागे होत राहिलं. "हलू नका, हलू नका," मी म्हणत होतो. माझा चेहरा आता उघडा होता आणि त्यावरचा घाम सगळ्यांना दिसत होता.

शेवटी मायचा ताठपणा संपला. "आरं, आधी चष्मा तर पूस! लई मोठा फोटोवाला झालास!" असं म्हणत ती हात उगारून हसली, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.

अक्काला बसमध्ये बसवायला रेणापूरला गेलो, तिथे स्टँडसमोरच्या स्टुडिओत प्रिंट हातात आली तेव्हा मी खचलो. सगळ्यात स्वच्छ दिसत होता तो बाबांचा कान. माय जराशी पुसट होती, तोंड उघडं, हात वर.

"अक्का, हा न्हाई जमला. फोकस चुकला."

अक्काने फोटो उन्हाकडे धरून बघितला. "डोळे उघडे हायत का न्हाई?"

"हायत."

"मग?"

तेवढ्यात बस आली. आत चढताना तिने तो ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवला.

पुढे एका रविवारी प्रशिक्षण केंद्राच्या फोनवरून तिने मला फोन केला. मी भीत भीत फोटोचं विचारलं.

"पेटीच्या झाकणाला लावलाय," ती म्हणाली. "सकाळी पेटी उघडली की माय हात उगारून उभीच. उठावंच लागतंय."